वणवा विझवायला लष्कर आले, तर हुकूम कोणाचा? नान्नजच्या माळरानाच्या निमित्ताने

उत्तर_सोलापूरकर (धागाकर्ता)

सोलापूरजवळच्या नान्नज, मार्डी, वडाळा या पट्ट्यातील गवत फेब्रुवारी संपता संपता वाळून पिवळे पडते आणि तेव्हापासून पहिला वळवाचा पाऊस पडेपर्यंत वनखात्याच्या माणसांना स्वस्थता नसते. कोणी बांध पेटवतो, कोणी उसाचे पाचट जाळतो, कोणी जळती बिडी टाकतो आणि दुपारचा वारा बाकीचे काम करतो. गेल्या काही दिवसांत आमच्याकडे या विषयावर बोलणे निघाले की एक सूचना हमखास येते. वनखात्याकडे माणसे थोडी आहेत, तेव्हा मोठा वणवा लागला की सरळ लष्कराला बोलवावे आणि सगळी सूत्रे त्यांच्याकडे सोपवावीत, अशी ती सूचना असते. तिच्यामागची कळकळ मला समजते. परंतु तिच्यात दोन निराळे प्रश्न एकत्र झालेले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय या चर्चेला दिशा मिळणार नाही, असे मला वाटते.

जवान कोणाचा हुकूम मानणार, हा पहिला प्रश्न आहे. आग कोठे अडवायची, कोणता तुकडा जळू द्यायचा आणि कोणता काहीही करून वाचवायचा, हे कोणी ठरवायचे, हा दुसरा. आपल्याकडील व्यवस्थेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर लष्करी अधिकारी आणि दुसऱ्याचे उत्तर नागरी प्रशासन असे आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. सैन्यदले तैनात करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये, केंद्र सरकारच्या उपाययोजनांमध्ये आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत जिल्ह्यासाठी जबाबदार अधिकारी म्हणून जिल्हाधिकारी, त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष जागेवर एक घटना प्रमुख आणि त्या प्रमुखाच्या हाताखाली कार्यवाही, नियोजन आणि रसद असे तीन विभाग आहेत. लष्कराची तुकडी आली, तर ती या रचनेच्या डोक्यावर बसत नाही. ती कार्यवाही विभागाला मदत करते आणि तिचे जवान मात्र तिच्याच अधिकाऱ्याच्या हुकमात राहतात.

या दोन साखळ्या एकमेकींना जेथे भेटतात, त्या सांध्याबद्दल मला ही चर्चा हवी आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_सुभेदार_बार्शी

धागाकर्त्यांनी प्रश्न बरोबर मांडला आहे. मी सैन्याच्या बाजूने सांगतो.

नागरी प्रशासनाला मदत करताना तुकडीच्या अधिकाऱ्याला मागणीपत्र लागते. त्या पत्रात किती जवान हवेत, कोणती यंत्रे हवीत एवढेच लिहून भागत नाही. काम काय, ठिकाण कोणते, अंदाजे किती काळ आणि धोका कोणता, हे लिहिलेले असावे. ‘पन्नास जवान पाठवा’ असे लिहिले, तर अधिकारी पन्नास जवान घेऊन येईल आणि रस्त्यावर उभा राहून काम विचारत बसेल. ‘या गाडीरस्त्यापासून त्या ओढ्यापर्यंत दोन तासांत दहा मीटर रुंदीची पट्टी साफ हवी’ असे लिहिले, तर कोणती यंत्रे आणि किती माणसे लागतील, हे तो स्वतः ठरवील. कामाचा हेतू प्रशासनाने सांगावा आणि ते करण्याची पद्धत तुकडीवर सोडावी, ही जुनी आणि अनुभवाने पक्की झालेली रीत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जवानाला दोघांनी हुकूम देऊ नयेत. तहसीलदार एकीकडे पाठवतो, वनपाल दुसरीकडे बोलावतो आणि एखादे लोकप्रतिनिधी येऊन तिसरीकडे हात करतात, अशी अवस्था झाली की तुकडीचे तुकडे होतात आणि कोणता जवान कोठे आहे, याचा हिशेब राहत नाही. आगीच्या ठिकाणी हा हिशेब चुकणे म्हणजे जीव जाणे. म्हणून नागरी अधिकाऱ्याने जे सांगायचे ते तुकडीच्या प्रमुखाला किंवा त्याने नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याला सांगावे आणि पुढे ते हवालदार, नायक या क्रमाने खाली जाऊ द्यावे.

एक गैरसमजही दूर करतो. सैनिक म्हणजे आग विझवणारा प्रशिक्षित माणूस, असे समजू नये. गोळीबाराच्या मैदानांवर गवताला आग लागते, त्यामुळे तेथे जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत आधीच काढून किंवा जाळून मोकळी केलेली पट्टी, काढण्याची सवय आपल्या अनेक युनिटांना आहे. पण वणव्यात वारा कसा फिरतो आणि गवत कसे पेट घेते, हे त्या मातीतल्या माणसाला अधिक कळते. कपड्यांचेही भान लागते. कृत्रिम धाग्याचा कपडा आचेने वितळून कातडीला चिकटतो. शिस्त, शारीरिक क्षमता, वाहने, रात्रीचा उजेड, बिनतारी यंत्रणा आणि उपासमार न होता दोन दिवस उभे राहण्याची तयारी, हे आम्ही निश्चित देऊ शकतो.

वनमित्र_मोहोळ

सुभेदारसाहेबांचा शेवटचा परिच्छेद फार मोलाचा आहे आणि वनरक्षकांबरोबर काम करणारा एक स्वयंसेवक म्हणून मी त्याला जोड देतो.

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचे कागदावरचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. जमीन सलग नाही. मध्ये शेते आहेत, गावे आहेत, रस्ते आहेत आणि गवताचे राखलेले तुकडे आहेत. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, खोकड आहेत. टिटवी, धाविक आणि चंडोल हे पक्षी उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे सगळे म्हणजे नुसते वाळलेले गवत दिसते. त्याने जेसीबी किंवा जड वाहन सरळ माळावरून नेले, तर आगीने जे वाचले असते ते चाकाखाली जाईल, आणि खरवडलेल्या मुरमावर पवन्या आणि मारवेल ही गवते परत यायला किती पावसाळे लागतात, ते येथल्या गुराख्यांना विचारावे. म्हणून कोठून जायचे आणि पट्टी कोठे काढायची, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यानेच सांगितले पाहिजे. हा मानापमानाचा विषय नाही.

हुकूम एकच असण्याचे सगळ्यांत कडक कारण निराळे आहे. कधी कधी आगीच्या वाटेतले गवत आपणच आधी पेटवून देतो, म्हणजे मुख्य आग तेथे पोचते तेव्हा तिला जाळायला काही उरत नाही. जाळरेषेला धरून आणि वारा बघून हे करतात. आता कल्पना करा, की एका बाजूने वनमजुरांनी अशी आग सोडली आणि त्याच वेळी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून जवानांची एक तुकडी मधल्या पट्ट्यात फांद्या आणि ब्लोअर घेऊन शिरली. दोन्ही अधिकारी आपापल्या जागी हुशार आहेत आणि तरीही माणसे दोन आगींच्या मध्ये सापडली. ज्याला सगळ्या तुकड्यांची जागा माहीत आहे, त्या एकाच माणसाच्या परवानगीशिवाय अशी आग लावायची नाही, हा नियम लष्कर आले की सैल होता कामा नये. उलट तेव्हाच तो अधिक घट्ट झाला पाहिजे.

अक्कलकोटकर

तुमचे सर्वांचे वाचले. तरीही माझी शंका राहते. संकटात समिती चालत नाही. सूत्रे एका हाती असावीत आणि शिस्त ज्याच्याकडे आहे त्याच्या हाती असावीत, यात चूक काय? स्पेनने तर वणव्यांसाठी लष्करात वेगळे दलच काढले आहे. किल्लारीच्या भूकंपात लष्कराने केलेले काम आपल्या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. वनखाते, महसूल, अग्निशमन दल, पोलीस यांच्यात पत्रव्यवहार होईपर्यंत माळ जळून जातो, हेही आपण पाहतोच.

उत्तर_सोलापूरकर (धागाकर्ता)

अक्कलकोटकर, तुमची शंका प्रामाणिक आहे आणि स्पेनचे उदाहरण तुम्ही काढले, हे चांगले झाले.

जुलै २००५ मध्ये ग्वादालाहारा प्रांतातील वणव्यात ११ अग्निशामक मरण पावले आणि त्याच वर्षी स्पेनने लष्करी आपत्कालीन दल उभे केले. हे दल कायम प्रशिक्षित असते, त्याची स्वतःची वाहने आणि साधने असतात. तरीही नेहमीच्या वणव्यात आग विझवण्याची दिशा त्या त्या प्रांतिक सरकारचा नागरी संचालक ठरवतो, दलाला काम नेमून दिले जाते आणि जवान आपल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली ते पार पाडतात. आपत्ती राष्ट्रीय पातळीची जाहीर झाली, तरच कार्यवाहीची सूत्रे दलाच्या प्रमुखाकडे जातात आणि तेव्हाही वर गृहमंत्री असतो. म्हणजे लष्कराच्या हाती सूत्रे देण्याचा प्रसंग तेथेही आहे, परंतु तो केव्हा आणि कोणाच्या आज्ञेने, हे आधी लिहून ठेवलेले आहे.

अमेरिकेत १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात १३ दिवसांत १६ माणसे दगावली आणि ७०० हून अधिक इमारती जळाल्या. तेव्हा मनुष्यबळाइतकाच तुटवडा समन्वयाचा होता. निरनिराळ्या संस्थांची नावे निराळी, बिनतारी संच निराळे, नकाशे निराळे. त्यातून जी घटना नियंत्रण पद्धत निघाली, तिचाच भारतीय अवतार म्हणजे आपली २०१० ची प्रणाली. एका माणसाच्या थेट हाताखाली तीन ते सात आणि शक्यतो पाच माणसे, आणि प्रत्येकाला एकच वरिष्ठ, हे तिचे गाभ्याचे नियम आहेत. लष्करी माणसाला यात परके काही वाटणार नाही.

तेथे जवान जमिनीवर उतरतात तेव्हा काय होते, याचे एक चांगले उदाहरण २०१५ चे आहे. वॉशिंग्टन राज्यातील वणव्यांसाठी लुइस-मॅककॉर्ड तळावरचे २०० सैनिक पाठवण्यात आले. त्यांच्या २० जणांच्या १० टोळ्या केल्या, काही दिवस प्रशिक्षण दिले आणि मग प्रत्यक्ष रेषेवर त्यांच्यासोबत वणव्याचा अनुभव असलेले नागरी कर्मचारी राहिले. सार्जंट आपल्या सैनिकांचा प्रमुख राहिला आणि कोठे खणायचे, केव्हा मागे हटायचे हे आगीच्या जाणकाराने सांगितले. सुभेदारसाहेब आणि वनमित्र यांनी येथे जे लिहिले, तेच ते आहे.

नियम असूनही सांधा निखळतो, याचेही दाखले आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया पेटलेला असताना लष्करी हेलिकॉप्टरे जमिनीवर उभी राहिली, कारण राज्याच्या अग्निशमन खात्याचा माणूस सोबत असल्याशिवाय त्यांनी पाणी टाकायचे नाही असा नियम होता आणि अशी माणसे पुरेशी नव्हती. नियम सुरक्षिततेसाठी होता आणि तो चुकीचा नव्हता. तो पाळण्याची तयारी आधी झालेली नव्हती. ऑस्ट्रेलियात ४ जानेवारी २०२० रोजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी सुमारे ३,००० राखीव सैनिकांना बोलावल्याचे जाहीर केले आणि न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेचे आयुक्त शेन फिट्झसिमन्स यांना ती बातमी माध्यमांतून कळली. त्याच दिवशी त्यांच्या राज्यात आगीने कहर मांडला होता. सैनिकांची मदत त्यांना हवीच होती, त्यांनी नापसंती दाखवली ती न सांगता घेतलेल्या निर्णयाबद्दल. एवढ्या सधन आणि सरावलेल्या देशांत हे होते, तर आपण ते गृहीत धरूनच तयारी केली पाहिजे.

तुमच्या किल्लारीच्या मुद्द्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र ढिगारे उपसणे आणि वणवा अडवणे यांत फरक असा, की ढिगारा जागचा हलत नाही. वणव्यात काही मिनिटांत वारा फिरतो आणि सकाळचा आदेश दुपारी घातक ठरतो. म्हणून आगीचा जाणकार निर्णयाच्या खुर्चीत लागतो.

हुतात्मा_चौक

सोलापूरकरांनी हा विषय बोलताना आपल्या शहराचा इतिहास लक्षात ठेवावा, म्हणून लिहीत आहे. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने येथे लष्करी कायदा पुकारला होता. शहराचा कारभार लष्कराच्या हातात गेला, लष्करी न्यायालयांनी शिक्षा ठोठावल्या आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. नागरी सत्ता बाजूला सारून लष्कर वर बसते, तो प्रकार हा.

आज आपण ज्याची चर्चा करतो आहोत, ते याच्या अगदी उलट टोकाचे आहे. स्वतंत्र देशाचे सैन्य नागरी प्रशासनाच्या मागणीवरून येते, जबाबदारी निवडून आलेल्या सरकारला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याकडेच राहते आणि काम संपले की सैन्य परत जाते. ‘सगळी सूत्रे लष्कराकडे द्या’ हे वाक्य आपण सहज बोलतो, परंतु त्यामुळे जिल्हाधिकाऱ्याची जबाबदारी संपते असा अर्थ निघता कामा नये. उद्या एखाद्या वस्तीचे नुकसान झाले, तर लोक विचारणा कोणाकडे करणार, याचे उत्तर स्पष्ट राहिले पाहिजे.

कायद्याचा_विद्यार्थी

वरील मुद्द्याला पूरक असे थोडेच सांगतो. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी सैन्य बोलावण्याची कलमे, म्हणजे पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेतील १२९ ते १३१ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील १४८ ते १५०, वणव्याला लागू करायची नसतात. तो विषय कायदा-सुव्यवस्थेचा आहे. वणव्यात मदत मागायची ती आपत्ती म्हणून. गावकऱ्यांच्या कर्तव्याबद्दल भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ वाचावे. ज्यांना जंगलातून गवत, लाकूड किंवा चराईचे हक्क आहेत, त्यांनी आगीची खबर देणे आणि ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. अभयारण्यात आग लावणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० खाली गुन्हा आहे.

आपल्याकडे साखळ्या दोन नाहीत, त्याहून अधिक आहेत, हेही लक्षात घ्यावे. सोरेगावचे राज्य राखीव पोलीस दल राज्य सरकारचे, पुण्याजवळच्या सुदुंबरे येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल केंद्रीय गृह मंत्रालयाखालचे आणि सेना संरक्षण मंत्रालयाखालची. तिघेही एकाच माळावर आले, तर घटना प्रमुख एकच असला, तरच काम होईल.

अक्कलकोटकर

स्पेनबद्दलची माहिती मला पूर्ण नव्हती, ती दिल्याबद्दल आभार. मग हवाई दलाचे काय? उत्तराखंडात हेलिकॉप्टरने पाणी टाकताना आपण सर्वांनी पाहिले आहे. वैमानिकाला खालून कोण सांगतो?

निवृत्त_सुभेदार_बार्शी

चांगला प्रश्न आहे. २०१६ आणि २०२४ मध्ये उत्तराखंडात, २०१९ मध्ये बंदीपूरला, २०२१ मध्ये नागालँड-मणिपूर सीमेवरच्या झुको खोऱ्यात आणि २०२२ मध्ये राजस्थानात सरिस्क्याला हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे बांबी बकेट, म्हणजे खाली लटकणारी पाण्याची मोठी बादली, लावून गेली होती. नैनीतालला भीमतालचे पाणी उचलले, सरिस्क्याला सिलिसेढ तलावाचे. उड्डाण करायचे की नाही, किती वेळ थांबायचे, धुरात शिरायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी वैमानिकाचा आणि त्याच्या वरिष्ठांचा. पाणी आगीच्या कोणत्या कडेवर हवे, हे खालच्या घटना प्रमुखाने सांगायचे. मध्ये एक माणूस लागतो, जो दोघांची भाषा जाणतो, ज्याच्या हातात वैमानिकाशी बोलणारा संच आहे आणि जो पाणी पडण्याआधी खालची माणसे बाजूला काढतो. काही हजार लिटर पाणी उंचावरून अंगावर पडले, तर माणूस जायबंदी होतो. अमेरिकेत सी-१३० विमानांतून एका फेरीत सुमारे ११,००० लिटर द्रव टाकतात. तेथे विमान आणि वैमानिक लष्कराचे, आतली टाकी वनसेवेची आणि पुढे वाट दाखवणारे छोटे विमानही आगीच्या यंत्रणेचे, अशी वाटणी आहे.

वनमित्र_मोहोळ

सोलापूरपुरते मात्र स्पष्ट लिहितो. हिप्परगा तलाव जवळ आहे, उजनीही हवाई अंतराने लांब नाही, म्हणजे पाण्याची अडचण नाही. अडचण वेळेची आहे. वाळलेल्या गवताची आग डोंगरातल्या पाचोळ्यासारखी दिवसेंदिवस रेंगाळत नाही. दुपारी सुरू झालेली आग अंधार पडेपर्यंत बहुधा विझवलेली असते किंवा जाळायचे ते जाळून गेलेली असते. मागणी मुंबईमार्गे पुढे जाऊन हेलिकॉप्टर येईपर्यंत माळ काळा झालेला असेल. आपल्याकडे पहिल्या दोन तासांत उपयोगी पडतात ते वनमजूर, जवळचे गावकरी, साखर कारखान्यांचे आणि नगरपालिकांचे पाण्याचे टँकर, आणि गावोगावी असलेले माजी सैनिक. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रह-इशारा मोबाइलवर येतो, पण तो येईपर्यंत मार्डीच्या पोराने धूर पाहिलेला असतो.

उत्तर_सोलापूरकर (धागाकर्ता)

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे, की लष्कर येवो अथवा न येवो, सांध्याची व्यवस्था हिवाळ्यात ठरवून ठेवावी. जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यायच्या निवेदनात मी एवढे मागणार आहे. अभयारण्यातील वणव्यासाठी घटना प्रमुख म्हणून वनखात्याच्या अधिकाऱ्याचे पद आणि त्याच्या अनुपस्थितीतले पद आधीच लिहून ठेवावे. मागणीपत्राचा नमुना तयार असावा आणि त्यात कामाचा हेतू, ठिकाण, धोका, कालावधी या रकाने असावेत. जाळरेषा, गाडीरस्ते, पाण्याच्या जागा आणि जेथे वाहन न्यायचेच नाही असे तुकडे दाखवणारा एकच नकाशा सर्व दलांकडे असावा. वनखात्याचे, पोलिसांचे आणि सेनेचे बिनतारी संच एकमेकांशी बोलतीलच असे नाही, म्हणून प्रत्येक बाहेरच्या तुकडीसोबत संच घेतलेला एक वनरक्षक द्यावा आणि तुकडीचा एक संपर्क अधिकारी घटना प्रमुखाजवळ बसावा. वर्षातून एकदा, जानेवारीत, प्रत्यक्ष माळावर याचा सराव व्हावा आणि त्याला राज्य राखीव दलाला व माजी सैनिकांना बोलवावे. सुभेदारसाहेब, यात काही राहिले का?

निवृत्त_सुभेदार_बार्शी

दोन गोष्टी राहिल्या. जीव धोक्यात असताना जवळच्या लष्करी ठाण्याचा अधिकारी वरच्या मंजुरीची वाट न पाहता तातडीची मदत देऊ शकतो आणि नंतर वरिष्ठांना कळवतो. तेव्हा जवळच्या ठाण्याचा संपर्क जिल्हा नियंत्रण कक्षात लिहिलेला असावा.

दुसरी गोष्ट तुकडीला मोकळे करण्याची. आग विझली, हे तुकडीने ठरवायचे नसते. गवत विझले, तरी शेणाच्या गोवऱ्या, जुनी खोडे आणि बांधावरची बाभळीची मुळे आत धुमसत राहतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेटतात. घटना प्रमुखाने कडेने फिरून पाहावे, कोणता भाग कोणाच्या ताब्यात दिला ते लिहावे आणि मगच लेखी मोकळीक द्यावी. तोपर्यंत निम्मे जवान पाण्यासह तेथेच थांबतील, असे मागणीपत्रातच नमूद करावे, म्हणजे संध्याकाळी गाड्या निघण्यावरून वाद होणार नाही. निवेदनावर सही करायला मी येतो आणि बार्शीतले आणखी काही माजी सैनिकही येतील.